माझे कार्ड १८ मीटरचे, तुमची डाइव्ह २८ मीटरची : तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक,
डाइव्ह सेंटर, स्वराज द्वीप, अंदमान

विषय : प्रशिक्षणाची पातळी आधी कळवूनही त्यापलीकडच्या खोलीची डाइव्ह दिल्याबद्दल

महोदय,

गेल्या महिन्यात मी आणि माझे यजमान तुमच्याकडे डायव्हिंगला आलो होतो. सोलापुरातून बुकिंग करतानाच मी ईमेलमध्ये स्पष्ट लिहिले होते की माझ्याकडे पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेचे ओपन वॉटर (पहिल्या पातळीचे) कार्ड आहे आणि यजमानांकडे त्यापुढचे अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर. आमच्याकडे समुद्र नाही, सराव होतो तो जलतरण तलावात. शेवटची डाइव्ह होऊन वर्ष उलटले होते, म्हणून आधी उथळ पाण्यात उजळणीची एक डाइव्ह द्या, अशी विनंतीही केली होती. दोघांच्या कार्डांचे आणि लॉगबुकचे (केलेल्या डाइव्हच्या नोंदवहीचे) फोटो जोडले होते. तुमचे उत्तर आले, ‘नो प्रॉब्लेम’.

प्रत्यक्षात उजळणीची डाइव्ह ठेवलेलीच नव्हती. काउंटरवरच्या फॉर्ममध्ये प्रश्न एकच : ‘सर्टिफाइड आहात का? हो / नाही’. कोणती संस्था, कोणती पातळी, शेवटची डाइव्ह कधी, किती खोल गेला आहात, यातले काहीच नाही. मी कार्ड पुढे केले तर तिथल्या मुलाने ते हातातही घेतले नाही. ‘असू दे ताई, हो वर टिक करा’ म्हणाला. त्याच फॉर्मच्या खाली मात्र, मी माझ्या प्रशिक्षणाच्या मर्यादेतच डाइव्ह करीन, असे छापलेले होते आणि त्यावर माझी सही घेतली गेली. म्हणजे मर्यादा पाळायची जबाबदारी माझी, आणि ती मर्यादा किती हे विचारायची तसदी तुम्ही घेणार नाही.

बोट निघाल्यावर ब्रीफिंगमध्ये कळले की तळ २८ मीटरवर आहे आणि डाइव्ह तळालगतच होणार आहे. मी लगेच सांगितले की माझे प्रशिक्षण १८ मीटरपर्यंतचे आहे. गाइडचे उत्तर होते, ‘सर अ‍ॅडव्हान्स्ड आहेत ना, त्यांच्यासोबत राहा, काही होत नाही.’

या वाक्याचा मला अजूनही संताप येतो. यजमानांचे शिक्षण मला कसे लागू होईल? पाण्याखाली माझा श्वास मलाच घ्यायचा असतो आणि उरलेली हवा दाखवणारा माझा गेज मलाच बघायचा असतो. १८ मीटरवर दाब २.८ बार असतो, २८ मीटरवर ३.८. सिलिंडर तोच, पण हवा त्याच प्रमाणात लवकर संपते. पॅडीच्या तक्त्यात पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर राहायला ५६ मिनिटे मिळतात, ३० मीटरवर फक्त २०. त्या वेळेपलीकडे राहिलात तर सरळ वर येता येत नाही, वाटेत ठरावीक खोलीवर थांबावेच लागते. ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढू लागते आणि साधा निर्णयही चुकू शकतो. अ‍ॅडव्हान्स्ड कोर्समध्ये खोल डाइव्ह सक्तीची असते ती याच कारणांसाठी, आणि तो कोर्स मी अजून केलेला नाही. इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली तो कोर्स करता का, असे तुम्ही विचारले असते तर मी आनंदाने विचार केला असता.

सोलापूरकडची पुष्कळ माणसे मालवणला पहिल्यांदा स्कूबा करतात. तिथे कार्ड लागत नाही, कारण इन्स्ट्रक्टर हात सोडत नाही आणि फार खोल नेत नाही. कार्डधारक डायव्हरचे तसे नसते. तो बडीच्या, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराच्या, सोबतीने, पण स्वतःच्या जिवावर पोहतो. मी कोण, मला काय येते, हे अनोळखी सेंटरला सांगणारी कार्ड आणि लॉगबुक एवढीच काय ती साधने. तीच तुम्ही पाहणार नसाल तर आम्ही ती दाखवायची कशाला?

मी पाण्यात उतरण्यास नकार दिला. बडी नाही म्हणून यजमानांनीही डाइव्ह सोडली. तुमची सामग्री चांगली होती, कर्मचारी बोलायला नम्र होते, हेही नोंदवते. पण परत आल्यावर ‘तुम्ही स्वेच्छेने रद्द केली, पैसे मिळणार नाहीत’ असे सांगण्यात आले. ही स्वेच्छा नव्हती. माझ्या पातळीला बसणारी डाइव्ह तुम्ही दिलीच नाही.

दोघांच्या डाइव्हचे पूर्ण पैसे १५ दिवसांत परत करावेत. तसेच फॉर्ममध्ये संस्था, पातळी, कार्ड क्रमांक, शेवटच्या डाइव्हची तारीख आणि आजवरची खोली यांचे रकाने घालावेत. कार्ड प्रत्यक्ष पाहावे आणि डाइव्हची जागा गटातल्या सर्वांत कमी प्रशिक्षित डायव्हरनुसार ठरवावी, नाहीतर गट वेगळे करावेत. यावर काय केले ते लेखी कळवावे. माझ्यासाठी हे पैशांइतकेच महत्त्वाचे आहे, कारण माझ्यानंतर येणारी एखादी नवखी मुलगी बोटीवर सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हणू शकेलच असे नाही.

मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि सेवेतील त्रुटीबद्दल सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यासाठी मला अंदमानला यावे लागणार नाही.

कळावे,
आपली ग्राहक,
(सही)
विजापूर रोड, सोलापूर

सोबत : ईमेलची प्रत, दोन्ही कार्डांच्या प्रती, पावती