रिकाम्या खाटा मोजून ग्रामीण रुग्णालयाचा खर्च ठरवू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रामीण रुग्णालयांच्या खर्चाचा विषय निघाला, की ‘खाटा तर रिकाम्याच असतात’ हा आक्षेप हमखास घेतला जातो. पेरणीपूर्वीच्या एखाद्या दुपारी ३० खाटांच्या रुग्णालयात डोकावणाऱ्याला तो खराही वाटेल. मात्र कपाशी-सोयाबीनचे निंदण आणि फवारणी सुरू झाली, की साप चावलेले, विषबाधा झालेले आणि तापाने फणफणलेले रुग्ण त्याच दारात येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, हे आपण इतक्या लवकर विसरू नये.

अशा रुग्णालयाचा बहुतेक खर्च रुग्णसंख्येवर अवलंबून नसतो. वॉर्डात दोन रुग्ण असोत वा पंचवीस, रात्रपाळीला परिचारिका आणि डॉक्टर लागतातच; वीज गेली तर जनरेटरला डिझेल लागते. विषारी सर्पदंशाच्या एका रुग्णाला सुरुवातीलाच प्रतिविषाच्या साधारण ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात, त्यामुळे साठा आधीच भरून ठेवावा लागतो. तो वापरला गेला नाही म्हणून पैसा वाया गेला, असे म्हणणे मला पटत नाही.

खरा अपव्यय मला दुसरीकडे दिसतो. सिझेरियनसाठी शस्त्रक्रियागृह, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय या चारही गोष्टी एकाच वेळी हजर असाव्या लागतात. भूलतज्ज्ञाचे एक पद रिक्त राहिले, की बाकीच्यांवरचा खर्च चालू राहतो आणि अडलेली बाळंतीण मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवली जाते. १०८ ची गाडी तिला मोफत नेते, हे खरे. पण सोबतच्या माणसांचे जेवणखाण, परतीचे भाडे आणि बुडालेली मजुरी ही त्या कुटुंबाच्याच माथी येते आणि कोणत्याही सरकारी हिशेबात दिसत नाही.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, हा निर्णय योग्यच होता. परंतु रुग्णाला मोफत म्हणजे रुग्णालयाला मोफत नव्हे. औषधे, चाचण्यांची रसायने, चादरींची धुलाई, नळाची दुरुस्ती या सर्वांना पैसा लागतोच.

म्हणून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाने बाह्यरुग्ण, प्रसूती, पुढे पाठवलेले रुग्ण व त्यामागचे कारण, रिक्त पदे आणि बाबवार खर्च यांचा वार्षिक तक्ता दर्शनी भागात लावावा. किरकोळ खरेदी-दुरुस्तीसाठी रुग्ण कल्याण समितीला मिळणारा निधी वर्षअखेरीस घाईने खर्च करण्याची वेळ येऊ न देता मृगापूर्वी तिच्या हाती पडावा, म्हणजे जनरेटरची दुरुस्ती आणि औषधांची तजवीज पावसाच्या आत होऊ शकेल.

आपला,
एक शेतकरी वाचक,
जि. यवतमाळ