बांगड्या न वाढवता तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

मी हर्णैची. माझी आई गेली तीस वर्षे बंदराजवळ जवळा आणि बोंबील वाळवते. दीड वर्षापूर्वी तिच्या हातांवर आणि मानेवर कडा उचललेल्या, मध्ये फिकट पडलेल्या लालसर गोल चकत्या उठल्या. तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तिला जे ऐकावे लागले, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आधी गजकर्ण म्हणून मलम मिळाले. त्यात स्टेरॉइड होते, हे आम्हांला फार उशिरा कळले; चकत्या आठवडाभर फिक्या पडत आणि पुन्हा उठत. दुसऱ्या ठिकाणी तर खुर्चीवरून न उठता, बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ‘महारोग दिसतोय’ असे सांगण्यात आले. चकत्यांवर स्पर्श कळतो का, हे कापसाच्या बोळ्यानेसुद्धा कोणी पाहिले नाही. कुष्ठरोग असता तरी तो औषधांनी बरा होतो आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, एवढे सांगण्याची तसदीही कोणी घेतली नाही. बातमी मात्र आमच्याआधी वाडीत पोहोचली आणि आईची नेहमीची गिऱ्हाइके शेजारच्या टोपलीकडे वळू लागली.

तुम्ही प्रथम तिच्या पोलक्याची बाही वर सरकवलीत. बाहीची कड आली की चकत्या संपत होत्या; हनुवटीखालची, सावलीतली त्वचाही स्वच्छ होती. ‘मावशी, उन्हात किती वेळ असता?’ हा प्रश्न तोवर तिला कोणी विचारलाच नव्हता.

तपासणीसाठी त्वचेचा तुकडा मनगटाजवळून घ्यायचा होता आणि तेथे तिचा हिरवा चुडा होता. सिस्टरांनी बांगड्या काढायला सांगताच आईचा चेहरा उतरला. कष्टाने जाड झालेल्या पंजातून त्या निघत नाहीत. वाढवाव्याच लागल्या असत्या, आणि बाबा तेव्हा बोटीवर, खोल समुद्रात होते. तुम्ही काही विचारले नाहीत, समजावले नाहीत. एकेक बांगडी कोपराकडे जमेल तितकी सरकवलीत, गॉजच्या पट्टीने सगळ्या एकत्र बांधल्यात आणि मगच भुलीचे इंजेक्शन दिलेत. टाके काढायला आलो तोवर ती पट्टी आईने कोणाला सोडू दिली नव्हती.

आजाराचे नाव, अ‍ॅन्युलर इलास्टोलिटिक जायंट सेल ग्रॅन्युलोमा, मला पाठ करावे लागले. उन्हाने बिघडलेले त्वचेतले लवचीक तंतू शरीराच्याच मोठ्या पेशी गिळू लागतात आणि त्याची ही वर्तुळे उमटतात, हे तुम्ही कागदावर चित्र काढून आईला सांगितलेत. ऑस्ट्रेलियातल्या ओब्रायन यांनी १९७५ मध्ये अशा चकत्यांचे वर्णन केले होते, हेही तेव्हाच कळले. आजार दुर्मीळ असल्याने तो आधीच्यांना ओळखता आला नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘मला कळत नाही, पुढे दाखवा’ असे म्हणायला कोणती पदवी लागते? माणसाला माणसासारखे वागवायलाही ती लागत नसावी, कारण आमच्या बंदरावर न शिकलेली कितीतरी माणसे रोज तसे वागतात.

गोळ्या चालू आहेत, त्या गोळ्यांसाठी करावी लागणारी डोळ्यांची तपासणीही झाली आहे. चकत्या पुष्कळ ओसरल्या आहेत. आई आता पूर्ण बाह्यांचा सदरा घालून पहाटेच वाळवण पसरते आणि ऊन चढण्याआधी सावलीला येते.

तिने तुमच्यासाठी सोडे पाठवले आहेत, वास येऊ नये म्हणून तीन पिशव्यांत बांधून. तुम्ही मासे खाता की नाही, हे आधी विचारू या असे मी म्हटले होते. तिने विचारू दिले नाही.

आपली कृतज्ञ,
तुमच्या हर्णैच्या मावशींची मुलगी