पुण्याची गाडी पकडण्याआधी एकदा आपलं विद्यापीठ बघून या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी शाहूवाडी तालुक्यात ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो. बारावीचे आणि बीएस्सीचे निकाल लागले की आमच्याकडं एकच चर्चा चालू होते, पोरगं पुण्याला कुठं घालायचं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव काढलं की पालक म्हणतात, सर तिथं काय हाय, तिथं सगळेच जातात. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून आज लिहायला बसलो.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडलांनी एमएस्सीसाठी त्याला पुण्यातल्या एका खाजगी संस्थेत घातलं. म्हैस विकली, वर पाहुण्यांकडनं उसने घेतले. पोरगा सांगत होता, लॅबमधली भारी मशीन काचेच्या कपाटात, पाहुणे आले की कपाट उघडायचं, आम्ही आपले फोटो बघून जर्नल लिहायचो. दुसऱ्या सेमिस्टरची फी जमली नाही आणि तो घरी आला. आणि शिवाजी विद्यापीठ आमच्या मलकापूरपासनं दीड-दोन तासाच्या एसटीवर!

मी तिथं २००३ ला बॉटनीला होतो. वडील दुसऱ्याच्या शेतात कामाला, त्यामुळं विद्यापीठात काम करून शिकायची 'कमवा व शिका' योजना नसती तर माझं शिक्षण बीएस्सीलाच थांबलं असतं. मला लायब्ररीत काम मिळालं, बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात आलेली पुस्तकं नंबरानं परत लावायची. काम करता करता पुस्तक उघडून उभ्या उभ्या वाचायचो, कोण रागवायचं नाही. आईचा डबा सकाळच्या एसटीनं यायचा, आम्ही चौघं पाळी लावून स्टँडवर जायचो आणि भाकरी गार झालेली असली तरी चौघांत वाटून खायचो. अशी किती पोरं आजपण डब्यावर शिकतात ते कोल्हापूरच्या स्टँडवर सकाळी उभं राहून बघा.

बॉटनीत काय शिकलो ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरून झाडं गोळा करायची, रद्दी पेपरात दाबायची आणि रोज कागद बदलायचे, एक दिवस चुकला की बुरशी आलीच. तुमच्याच पेपरच्या रद्दीत मी कितीतरी झाडं वाळवली आहेत. मग ती जाड शीटवर शिवायची, लेबलवर गाव, तारीख, उंची, गोळा करणाऱ्याचं नाव. कंदीलपुष्प म्हणजे आपली खर्चुडी, तिच्या फुलाच्या नळीत आत खाली वळलेले केस असतात, माशी आत गेली की अडकते, केस सुकले की बाहेर पडते आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडं जाते. सह्याद्रीतल्या या दुर्मिळ खर्चुड्या विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जपून वाढवल्या आहेत, बाहेरच्या राज्यातनं अभ्यासक येतात आणि आपल्या पोरांना ते माहीतच नसतं.

फिजिक्स-केमिस्ट्रीचं तर विचारूच नका. थिन फिल्म (पदार्थाचा अगदी पातळ थर), सुपरकपॅसिटर (वीज साठवून झटकन देणारं साधन), गॅस सेन्सर (वायू ओळखणारं साधन) यावर इथं वर्षानुवर्षं काम चालू आहे, इथनं पीएचडी केलेली खेड्यातली पोरं दक्षिण कोरियातल्या विद्यापीठांत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करून आली, काही अजून तिथं आहेत. मोठी उपकरणं असलेलं सैफ केंद्र कॅम्पसवरच आहे. पीएचडीला बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांची फेलोशिप मिळू शकते, पण गावात हे कुणी सांगत नाही आणि कळतं तोवर फॉर्मची तारीख निघून जाते. २०२१ ला विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकनं विद्यापीठाला ए प्लस प्लस, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी दिली, पण आमच्याकडच्या पालकांपर्यंत ती बातमी नीट पोचली नाही असं मला वाटतं.

हे विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला चालू झालं, राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन उद्घाटनाला आले होते, आणि पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी सागरमाळावर, नुसत्या खडकाळ माळावर ते उभं केलं. आज तिथं झाडी आहे, तळी आहेत, मोर फिरतात. पावसाचं पाणी अडवून जिरवून विद्यापीठानं स्वतःची पाण्याची सोय केली आणि २०१९ च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठा बंद पडला तेव्हा तिथलं पाणी लोकांना दिलं. शाहू महाराजांनी गरिबाच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली त्या गावातलं हे विद्यापीठ आहे, कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्ह्यांचं आहे.

पुण्याला जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. ज्याला जो कोर्स हवा तो तिथंच असेल तर जावं. पण म्हैस विकण्याआधी एक दिवस काढून विद्यापीठात जा, डिपार्टमेंटला जाऊन लॅब दाखवा म्हणा, तिथं शिकणाऱ्या पोरांशी बोला, हॉस्टेल आणि कमवा-शिकाची चौकशी करा.

संपादक साहेब, तुम्हाला एकच विनंती. दरवर्षी मे-जूनमध्ये कमवा-शिका, हॉस्टेल, शिष्यवृत्ती, फेलोशिप यांचे फॉर्म कुठं आणि कधी भरायचे याची चौकट तालुका पानावर छापा, जाहिरातीच्या बाजूला छोटी असली तरी चालेल. आमच्या गावात पेपर चहाच्या टपरीवर सगळे वाचतात.

त्या घरी बसलेल्या पोराला आणि त्याच्या वडलांना मी गेल्या महिन्यात विद्यापीठात घेऊन गेलो. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, खर्चुडीची एक शीट निघाली, लेबलवर आमच्या शेजारच्याच गावाचं नाव. वडील बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "सर, हिचा कंद आम्ही गुरं राखताना उकरून खायचो की." पोराला म्हणाले, फॉर्म भर. त्यानं परवा भरला.

आपला,
एक शिक्षक, शाहूवाडी तालुका, जि. कोल्हापूर