कमिटी बोटीवरून: मंद्यास पत्र

नेरूळ, नवी मुंबई
बुधवार, रात्र

प्रिय मंद्या,

रविवारची होड्यांची शर्यत कशी लावायची याबद्दल तू फोनवर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ठाणे स्टेशनच्या गोंगाटात देण्यासारखी नव्हती, म्हणून कागद घेतला. बारा एन्टरप्राइज (दोघांच्या शिडाच्या होड्या), चोवीस माणसं, दोन शर्यती आणि कमिटी बोटीवर, म्हणजे जिथून शर्यत चालवतात तिथे, पहिल्यांदाच तू. होडी तुला उत्तम येते, पण शर्यत लावणं हे निराळं काम आहे. शीड चुकीचं लावलं तर एक होडी मागे पडते. सुरुवातीची लाइन चुकीची लावली तर बाराही होड्यांची दुपार वाया जाते.

आधी पाण्याचं बघू. रविवारी तृतीया. तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. तिथीची पाऊणपट हा अंदाज झाला. नक्की वेळ मुंबई बंदराच्या तक्त्यात बघ आणि आत खाडीत पाणी त्याच्या थोडं मागून चढतं हे धर. अमावस्या तेव्हा नुकतीच होऊन गेलेली असेल, उधाण पुरतं ओसरलेलं नसेल. चढउतार चार मीटरचा धरला तर बारांशाचा हिशेब असा पडतो: भरतीनंतर पहिल्या तासात एक बारांश पाणी उतरतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. सव्वातीनपर्यंत जेमतेम फूटभर, सव्वाचारपर्यंत मीटरभर, आणि सव्वापाचला दोन मीटर गेलेले. तेवढ्यात कडेचा चिखल उघडा पडतो आणि सेंटरबोर्ड (पोटाखालची फळी) रुतलेली होडी ओढायला गेलेली रेस्क्यू बोटही तिथेच बसते. म्हणून पहिली वॉर्निंग (सुटण्याआधी पाच मिनिटांची खूण) पावणेदोनला, दुसरी शर्यत तीनच्या आत सुटलेली, सव्वाचारला सगळे धक्क्यावर. उशीर झालाच तर दुसरी शर्यत छोटी कर किंवा सोडून दे. भरती तुझ्यासाठी थांबणार नाही.

वाऱ्याचंही गणित याच वेळेला जुळतं. सकाळचे मतलई वारे उन्हं चढली की मरतात, मग मध्ये काही काळ पान हलत नाही, आणि दुपारी खारा वारा वायव्येकडून बसतो. तो बसला असं पहिल्या झुळकीला समजू नकोस. दहा-पंधरा मिनिटं दर दोन मिनिटांनी होकायंत्रावर दिशा घे, लिहून ठेव, सरासरी काढ. आकडे वीस-वीस अंशांनी उड्या मारत असतील तर सुरुवात पुढे ढकलायची उत्तरपताका लाव. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं ते लांबट निशाण, सगळे एपी म्हणतात ते. वर जाताना दोन आवाज, उतरताना एक, आणि उतरवल्यावर बरोबर एका मिनिटाने वॉर्निंग. नवा रेस ऑफिसर एपीला लाजतो. तू लाजू नकोस.

कोर्स वाशी पुलापासून चांगला दक्षिणेला ठेव. पुलाच्या खांबांशी प्रवाह वळतो आणि वारा तुटतो. शिवाय पुलापलीकडे ऐरोलीपर्यंत फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिकडे आपलं काम नाही. कोळ्यांच्या डोल जाळ्यांचे खुंटे कुठे आहेत ते शनिवारीच जाऊन बघ आणि सूचनापत्रकात ती रांग ‘ओलांडायची नाही’ म्हणून लिही. शर्यतीतल्या होडीला मासेमारी करणाऱ्या होडीवर कसलाही हक्क नाही. शर्यतीचे नियम शर्यतीतल्या होड्यांपुरते. बाहेरच्याशी गाठ पडली की समुद्रातले नेहमीचे नियम लागतात, आणि त्यांत शिडाच्या होडीने मासेमारी करणाऱ्यापासून दूर राहायचं असतं. हे ब्रीफिंगमध्ये ठणकावून सांग.

आता बोये. चिखलात चार दात्यांचा लोखंडी काटा टिकत नाही, शेतातल्या नांगरासारखा चिखल नांगरतच जातो. रुंद पात्याचा डॅनफोर्थ नांगर आणि त्याला दोन मीटर साखळी हवी. बोयाची दोरी पूर्ण भरतीच्या खोलीला पुरून उरेल एवढी घे. पाणी चढल्यावर दोरी तोकडी पडली की बोया नांगर उचलून चालायला लागतो. लांब दोरीचा तोटा असा की ढिली झाली की पृष्ठभागाजवळ तरंगते आणि वळणाऱ्या होडीच्या सुकाणूत अडकते. त्यावर उपाय: बोयाच्या खाली दोनेक मीटरवर दोरीला किलो-दीड किलोचं वजन बांध. दोरी सरळ खाली लोंबते.

कमिटी बोटीचा नांगर खोलीच्या पाच ते सात पट दोरी देऊन टाक. पाच मीटर पाण्यात तीस मीटर. टाकायचा वाऱ्याच्या वरच्या अंगाला, कारण दोरी सोडत बोट मागे सरकते. ही दोरी तुझं सगळ्यात उपयोगी अवजार आहे. वारा पाच अंश फिरला तर नांगर उचलायचा नाही. सहा मीटर दोरी घे किंवा सोड, लाइन जुळते.

लाइन किती लांब? होड्यांची संख्या गुणिले होडीची लांबी, त्याची दीडपट. एन्टरप्राइज चार मीटरची, बारा होड्या, म्हणजे अठ्ठेचाळीस, दीडपट बहात्तर मीटर. वारा समज ३०० अंशांवरून आहे. तू उजव्या टोकाला, पिन, म्हणजे लाइनच्या दुसऱ्या टोकाचा बोया, डाव्या टोकाला. तुझ्या बोटीवरून पिन २१० अंशांवर दिसली की लाइन वाऱ्याला काटकोनात. मी २१५ वर ठेवतो. सगळ्यांचा कल कमिटी बोटीच्या टोकाला गर्दी करायचा असतो. पिनकडे पाच अंशांचं झुकतं माप दिलं की गर्दी पसरते. त्याहून जास्त नको. दहा अंश चुकलास तर बहात्तर मीटरच्या लाइनवर एका टोकाला साडेबारा मीटरचा फायदा, म्हणजे सुटण्याआधीच तीन होड्यांची आघाडी.

विंडवर्ड मार्क, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या अंगाचा बोया, पाच-सहाशे मीटर वर ठेव. मध्यम वाऱ्यात ते अंतर टॅक मारत (नाक वाऱ्यातून वळवत, नागमोडी) सात मिनिटांचं, खाली येताना पाच. तीन फेऱ्या झाल्या की शर्यत चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर बसते. वाऱ्याने दगा दिला तर दुसऱ्या फेरीअखेर शर्यत छोटी करायचा ‘एस’ झेंडा लाव, दोन आवाज, तिथेच फिनिश. हे आधी ठरवून ठेव, ऐनवेळी नको. आणि ‘एस’ पांढरा, मध्ये निळा चौकोन; ‘पी’ निळा, मध्ये पांढरा चौकोन. पिशवीत दोन्ही शेजारी असतात, वाऱ्यात फडफडताना फसवतात. क्लॉथपिनवर अक्षर लिहून प्रत्येक झेंड्याला लाव.

आता ती पाच मिनिटं. बोटीवर तिघं हवीत: एक घड्याळ मोठ्याने मोजणारा, एक झेंड्यांवर, आणि तू लाइनवर, नारिंगी झेंड्याच्या काठीला डोळा लावून. घड्याळवाल्याने शेवटचे दहा सेकंद उलटे मोजायचे आणि ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढाच शब्द उच्चारायचा. पाच मिनिटं उरली की क्लासचा (होडीच्या प्रकाराचा) झेंडा वर, एक आवाज, हीच वॉर्निंग. चार मिनिटांना ‘पी’ वर, एक आवाज. एका मिनिटाला ‘पी’ खाली, एक लांब आवाज. शून्याला क्लासचा झेंडा खाली, एक आवाज. वेळ झेंड्याची, भोंग्याची नाही. भोंगा नाही वाजला तरी सुरुवात वैध. पण झेंडा दोरीत अडकला आणि तीन सेकंद उशिरा उतरला तर ती चूक तुझी. सुटण्याआधी लक्षात आलं तर एपी, सुटल्यावर आलं तर सगळ्यांना परत बोलव.

शेवटचं मिनिट सुरू झालं की फोनवर रेकॉर्डिंग चालू कर आणि जे दिसतंय ते बोलत राहा: कोणता नंबर पुढे, कोण कुणाला झाकतोय, कोण मागे फिरला. कागदावर लिहायला मान खाली घातलीस की नेमकी तेव्हाच होडी पुढे जाते. शून्याला ज्या होडीच्या हलचा, म्हणजे धडाचा, कुठलाही भाग लाइनपलीकडे असेल ती लवकर सुटली. २०२१ पासून फक्त हल धरतात. पुढे झुकलेल्या माणसाचा हात किंवा शिडाचं टोक नाही. एक-दोन होड्या असतील आणि नंबर ओळखले असतील तर त्यांना परत बोलवायला ‘एक्स’, पांढऱ्यावर निळा क्रॉस, एक आवाज, आणि तोही लगेच, दोन-चार सेकंदांत. पंधरा सेकंदांनी लावलास तर परत न फिरलेला कर्णधार ‘मला कळवलंच उशिरा’ म्हणून दाद मागेल आणि त्याचं बरोबर असेल. सगळे परत येईपर्यंत, नाहीतर चार मिनिटांपर्यंत ‘एक्स’ वर ठेवायचा. अर्धा ताफा पुढे गेला आणि नंबरच दिसले नाहीत तर जनरल रिकॉल, म्हणजे सगळ्यांना परत बोलवायला पहिला सब्स्टिट्यूट झेंडा, तो निळा-पिवळा त्रिकोण, दोन आवाज. उतरवताना एक आवाज आणि मिनिटाने नवी वॉर्निंग.

इथे खाडीची एक खोड लक्षात ठेव. भरतीचं पाणी उत्तरेला धावतं आणि वारा वायव्येचा. म्हणजे पाणी होड्यांना लाइनपलीकडे ढकलतं. पहिल्या सुरुवातीला लवकर सुटणारे जास्त निघतील. दोनदा परत बोलवावं लागलं तर तिसऱ्यांदा ‘पी’ऐवजी ‘यू’ लाव: शेवटच्या मिनिटात लाइनची दोन टोकं आणि पहिला मार्क यांच्या त्रिकोणात सापडला की सुनावणीशिवाय बाद, पण पुन्हा सुरुवात झाली तर त्याला संधी मिळते. त्याहून कडक काळा झेंडा क्लबच्या शर्यतीत काढू नकोस. दुसरी शर्यत ओहोटी लागायच्या सुमारास सुटेल, तेव्हा उलटं होईल: होड्या लाइनखाली सरकतील आणि पिनवर आदळतील.

पाण्यावरचे नियम तुला येतात, पण प्रोटेस्ट, म्हणजे नियमभंगाच्या तक्रारी, तुझ्यापुढे येणार म्हणून वादाच्या जागा सांगतो. स्टारबोर्ड टॅकला (उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीला) वाट दे, एकाच टॅकवर वरच्याने खालच्याला, मागच्याने पुढच्याला; यावर सहसा भांडण होत नाही. भांडण होतं झोनमध्ये. मार्कभोवती तीन होड्यांच्या लांबीचं वर्तुळ, आपल्यासाठी बारा मीटर. पहिली होडी त्यात शिरली त्या क्षणी ओव्हरलॅप (मागच्या होडीचं नाक पुढचीच्या मागच्या टोकापुढे) होता की नाही, एवढंच बघायचं; नंतर तुटला किंवा नव्याने झाला तरी हक्क बदलत नाही. पण वाऱ्याकडे वर चढताना समोरासमोरच्या टॅकवर असलेल्यांना मार्करूमचा, म्हणजे मार्कपाशी जागा देण्याचा, नियम लागूच होत नाही, आणि सुरुवातीला येताना कमिटी बोटीपाशीही नाही. ‘जागा दे, जागा दे’ म्हणत बोटीच्या आणि खालच्या होडीच्या मधल्या फटीत घुसणारा चुकीचाच असतो, कितीही ओरडला तरी.

चूक मान्य असेल तर लगेच बाजूला होऊन एकाच दिशेने दोन गिरक्या, प्रत्येकीत एक टॅक, एक जाईब (होडीची पाठ वाऱ्यातून फिरवणं). मार्कला नुसता स्पर्श झाला तर एकच. मान्य नसेल तर समोरच्याने तिथल्या तिथे ‘प्रोटेस्ट’ हा शब्द ओरडायला हवा. ‘अरे दिसत नाही का’ चालत नाही. सहा मीटरपेक्षा छोट्या होड्यांना लाल झेंडा लागत नाही. सूचनापत्रकात मुदत नसेल तर शेवटची होडी फिनिश झाल्यापासून दोन तासांत लेखी अर्ज. सुनावणीत आधी अर्ज वैध आहे का ते बघ, मग दोघांना एकमेकांसमोर ऐक, टेबलावर छोट्या होड्या मांडून अंतरं वदवून घे, काय घडलं ते लिही आणि मगच नियमाचा आकडा उघड. पुस्तक २०२५-२०२८ चं आण. जुन्या आवृत्तीत प्रोटेस्टची कलमं वेगळी मांडली आहेत.

गुण सोपे: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, कमी बेरीज तो जिंकला. सुटला पण फिनिश नाही, लवकर सुटून परत आला नाही, बाद झाला, या सगळ्यांना नोंदलेल्या होड्या अधिक एक, म्हणजे तेरा.

धक्क्यावर चोवीस टोकन लावायचा फळा ठेव. पाण्यात जाताना टोकन काढून घ्यायचं, परत आलं की लावायचं. फळा भरेपर्यंत तू उठायचं नाहीस. रेस्क्यू बोटीला दोन गोष्टी सांग: उलटलेल्या होडीपाशी आधी दोन डोकी मोज, मग होडी बघ, आणि पाण्यात माणूस असताना इंजिन न्यूट्रलवर नाही, बंद. बोटीत धारदार सुरी आणि पंधरा मीटर तरंगणारी दोरी. ‘वाय’ झेंडा लाव, म्हणजे लाइफजॅकेट सक्तीचं. न लावताही सगळ्यांनी घातलेलंच बरं.

झेंड्यांची पिशवी आणि जादा डॅनफोर्थ शुक्रवारी संध्याकाळी तुझ्याकडे पोचवतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या

ता. क. गॅसचा भोंगा घेतलास तर दोन घे. डबा गार पडत जातो तसा आवाज बारीक होतो, आणि तो नेमका जनरल रिकॉलच्या दुसऱ्या आवाजाला बसतो. शिट्टी गळ्यात असू दे.