हक्काच्या अर्जाला उपकाराची गाठ कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात सातवीत आहे. गेल्या आठवड्यात तिच्या वहीत एक दिवसाच्या रजेचा इंग्रजी अर्ज पाहिला. ताप आला, रजा मिळावी, एवढाच मजकूर. पण शेवटची ओळ अशी: 'आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड टू यू.' मी विचारलं, ऑब्लाइज्ड म्हणजे काय ग? म्हणाली, "आजी, ते शेवटी लिहायचंच असतं. नाही लिहिलं तर अर्धा मार्क जातो."

ही ओळ मी स्वतः हजारो वेळा टाइप केली आहे. साताऱ्यात कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन मी ३१ वर्षे बसले. दाखले, प्रतिज्ञापत्रे, पेन्शनीचे अर्ज, कोर्टाचे कागद, सगळे केले. पहिली काही वर्षे अर्थ न कळताच ही ओळ बोटांतून उतरत असे. पुढे एका वृद्ध वकीलसाहेबांनी वकिली सोडताना आपला जाडजूड इंग्रजी शब्दकोश मला दिला. त्यात प्रत्येक शब्दाचं मूळ दिलेलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तो चाळत बसे.

ऑब्लाइज हा शब्द लॅटिनमधून आला. मूळ अर्थ बांधणे. हाडांना बांधून ठेवणारं जे लिगामेंट म्हणतात, तेही त्याच धातूतलं. म्हणजे 'मी ऑब्लाइज्ड आहे' म्हणताना माणूस 'तुम्ही मला बांधून घेतलंत' असं म्हणत असतो. आपला 'बांधील' शब्द नेमका तोच. पोर्तुगीज माणूस आभार मानताना 'ओब्रिगादु' म्हणतो आणि बाई 'ओब्रिगादा', ते शब्दही याच घराण्यातले. गोव्यात मात्र कोंकणी माणूस 'देव बरें करूं' म्हणतो. मला ते फार आवडतं. तिथे कोणी कोणाला बांधत नाही, फेड देवावर सोपवलेली असते.

१९९१ साली कोरेगावकडच्या एक आजी माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान रस्त्याच्या कामावर मैलकुली होते. ते जाऊन चौदा महिने झाले होते आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा पत्ता नव्हता. वरच्या कचेरीत इंग्रजी अर्ज पाठवा, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. मी अर्ज टाइप केला आणि सवयीप्रमाणे मराठीत वाचून दाखवला. शेवटी म्हणाले, "आणि आपण मला उपकृत करावं, मी आपली बांधील राहीन."

आजींनी अंगठा उठवायला पुढे केलेला हात मागे घेतला. "ह्ये काय लिवलंस पोरी? माझ्या मालकानं उन्हातान्हात खडी फोडली. त्येचं पैसं हायती. त्येच्यापायी म्या कुनाला बांदून घिऊ?"

मी कागद पुन्हा यंत्रात घातला आणि ती ओळ एक्सच्या बटणाने खोडू लागले. तर म्हणाल्या, खोडलेला कागद साहेबाला कशाला देतेस, नवा कर. कार्बन लावून सगळा अर्ज पुन्हा केला. पैसे दोनदा देऊ लागल्या, मी एकदाचेच घेतले.

आजींना कायदा ठाऊक नव्हता, पण त्या म्हणत होत्या तो कायदाच होता. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याच्या खटल्यात सांगितलं की पेन्शन ही बक्षिसी नाही आणि मालकाच्या मर्जीवरची मेहेरबानीही नाही. हा दिवस पेन्शनर मंडळी अजून पाळतात. नोकरी संपताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचंही तसंच. ग्रेस, ग्रेटफुल, ग्रॅच्युइटी, अगदी परीक्षेतला ग्रेस मार्क, सगळ्यांचं लॅटिन मूळ एक: खूश होऊन दिलेलं, आवडीचं. पण १९७२च्या कायद्याने ती नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार अशी बांधून दिली. शब्द खुशीचा राहिला, पैसा हक्काचा झाला. आणि २०१५पासून तर आपल्या राज्यात लोकसेवा हक्काचा कायदाच आहे. मग दाखला मागणाऱ्याने कायमचं बांधील का व्हावं?

कोर्टाच्या इंग्रजी अर्जांखाली आणखी एक जुनी ओळ असते: 'फॉर धिस अ‍ॅक्ट ऑफ काइंडनेस, द पिटिशनर, अ‍ॅज इन ड्यूटी बाउंड, शॅल एव्हर प्रे.' या कृपेबद्दल अर्जदार, कर्तव्याने बांधलेला, सदैव प्रार्थना करील. ड्यूटी हा शब्द ड्यू (देय) आणि डेट (कर्ज) यांचा सख्खा भाऊ, तिन्ही देण्याचे. बाउंड म्हणजे बांधलेला. शॅल या साध्या शब्दाचाही जुन्या इंग्रजीत अर्थ 'मी देणं लागतो' असा होता. एका ओळीत देण्या-बांधण्याचे तीन शब्द, आणि तिन्ही अर्जदाराच्या डोक्यावर! समोरच्याकडे फक्त काइंडनेस. दयेच्या अर्जाला हे शोभेल. पण जिथे आपलंच कोणाकडे काही निघतं, तिथे ड्यूटी त्याची असते. इंग्रजीला हा हिशेब चांगला कळतो. 'ऑट टू', म्हणजे 'करायला हवं', यातला ऑट हा ओ, म्हणजे देणं लागणे, याचाच जुना भूतकाळ आहे. 'करायला हवं' म्हणताना बोट अर्जदाराकडे नव्हे, टेबलापलीकडच्या साहेबाकडे दाखवायचं असतं.

मला आभाराचे शब्द नकोत, असं कोणी समजू नये. उलट ते इतके मोलाचे आहेत की असे वाया जाऊ नयेत, म्हणून हे पत्र. १९८६ साली माझं यंत्र निकामी झालं. शेजारी बसणाऱ्या मुद्रांक विक्रेत्या काकांनी जुन्या रेमिंग्टनसाठी अठराशे रुपये माझ्या हातावर ठेवले. ना चिठ्ठी, ना व्याज. वीस महिन्यांत फेडले. पैसे फिटले, पण मी उतराई झाले नाही. काका गेले, तरी दर दिवाळीला फराळाचा पहिला डबा त्यांच्या घरी जातो. ऑब्लाइज्ड असलेच तर मी त्या घराची आहे. इंग्रजीतला थँक हा थिंकच्या कुळातला, मूळ अर्थ मनात आणणे, विचार. डबा भरताना काका मनात येतात. आपला 'कृतज्ञ'ही तसाच, केलेलं जाणणारा.

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना आपल्या पत्रामार्फत माझी विनंती आहे. मुलांना आभाराचे शब्द जरूर शिकवा, पण अर्थासकट शिकवा. मराठी अर्जांतलं 'मंजुरी देऊन उपकृत करावे' हेही त्या इंग्रजी ओळीचंच पिल्लू दिसतं, तेही काढा. 'रजा मंजूर करावी, ही विनंती' एवढं पुरतं, आणि त्यात नम्रता पुरेपूर आहे. ऑब्लाइज्ड राखून ठेवा आणि एकदा मुलांना खरंखुरं पत्र लिहायला सांगा, ज्याने त्यांच्यासाठी खरोखर काही केलं अशा माणसाला.

नातीने अर्जातली शेवटची ओळ काल खोडली. अर्धा मार्क गेला तर जाऊ दे, असं मी तिला सांगितलं आहे.

कळावे, लोभ असावा.

एक निवृत्त टंकलेखिका,
सातारा