टायर किती चालेल ते विचारतो, पावसात धरेल का ते कोणीच विचारत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून हे पत्र लिहायलेय, मृगाच्या आधी छापलं तर फार बरं होईल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, अंबाजोगाईला राहते आणि रोज अपडाऊन करते. माझ्या स्विफ्टमध्ये अजून दोन बाई आणि एक सर असतात, पेट्रोल चौघांत वाटून घेतो, जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर होतं. आपल्या मराठवाड्यात असे अपडाऊनवाले कमी नाहीत, शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतले लोक, आणि एकेका गाडीत चार-चार घरांची माणसं बसलेली असतात.

२०२४ च्या दिवाळीत माझ्या गाडीचे टायर पार गोटा झाले होते. चारही बदलायचे ठरवून दुकानात गेलो आणि मी काय नि आमचे हे काय, दोघांनी एकच प्रश्न विचारला, किती चालतील? दुकानदार म्हणला, पन्नास हजार कुठंच जात नाही ताई, आणि वरून टायरमागं पाचशे रुपये कमी करतो. आम्ही खुश. पाचशे कमी कशामुळं, हे विचारायचं सुचलंच नाही.

पुढच्या जूनमध्ये, पहिला पाऊस झाला त्याच दिवशी, कामासाठी बीडला निघालो होतो. मांजरसुंब्याचा घाट उतरताना वेग पन्नासच्या आत असेल. वळणावर शेळ्या आल्या, मागं एक म्हातारी. मी ब्रेक दाबला तर पाय खालून कटकट कटकट हलायला लागला, म्हणजे एबीएस, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्याचं काम करत होतं, पण गाडी थांबेना, स्टेअरिंग डावीकडं फिरवलं तरी गाडी आपली सरळच चाललेली. थांबली तेव्हा म्हातारी आणि बोनेट यांच्यात हातभर अंतर होतं. तिनं गाडीकडं बघितलंसुद्धा नाही, शेळ्या हाकलत निघून गेली. मी मात्र गाडी कडेला लावून दहा मिनिटं हात धरून बसले होते, मागच्या सीटवरच्या बाई रडायल्या होत्या.

घाटाखाली पंक्चरच्या दुकानात थांबलो. मला वाटलं ब्रेक खराब झाले. त्या पोरानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर अंगठ्याचं नख दाबलं आणि म्हणला, मॅडम ब्रेकला काय झालं नाही, हे टायर बघा, नख रुतंना. मी म्हणलं अरे आठ महिनेच झालेत, नक्षी तर बघ केवढी आहे. मग तो मोबाईलची बॅटरी लावून गाडीखाली शिरला आणि आतल्या अंगाला लिहिलेला आकडा मला वाचून दाखवला, ३२१९. चार आकड्यातले पहिले दोन म्हणजे आठवडा आणि शेवटचे दोन म्हणजे वर्ष. २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर मला २०२४ च्या दिवाळीत नवीन म्हणून विकला होता, पाच वर्षं कुठंतरी गोदामात पडून होता. हा तारखेचा आकडा बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आत बसवली की वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. माझ्या चारही चाकांना ती आतच होती.

पहिल्या पावसात रस्ता निसरडा असतोच, उन्हाळाभर सांडलेलं ऑइल, धूळ, आपल्याकडची काळी माती सगळं मिळून चिकचिक होते, हे मला मान्य आहे. पण रबर जुनं झालं की कडक होतं, आणि कडक रबर ओल्या डांबराला धरत नाही, मग त्याच्यावर नक्षी कितीही शिल्लक असू द्या. माझे आजोबा टायरची चप्पल घालायचे. दहा वर्षं झिजली नाही ती चप्पल, पण आडाच्या ओल्या दगडावर ते नेहमी चप्पल काढून अनवाणी उभे राहायचे. मला त्या दिवशी घाटात तेच आठवलं.

तेव्हापासून मी ह्या विषयाच्या मागंच लागले, आणि कळलेलं आपल्या वाचकांना सांगावं वाटतं. मऊ रबर रस्ता चांगला धरतं पण लवकर झिजतं, कडक रबर जास्त चालतं पण ओल्यात कमी धरतं, ही जुनी ओढाताण आहे. रबरात काजळीच्या जागी सिलिका घातली की ओल्या रस्त्यावरची पकड वाढते आणि पेट्रोलही जरा कमी लागतं, म्हणून चांगल्या टायरमध्ये आता सिलिका असते. काही टायर मुळात जास्त चालावेत म्हणूनच काढलेले असतात, सिएटचा मायलेझ, अपोलोचा अमेझर फोरजी लाइफ, ब्रिजस्टोनचा स्टर्डो, त्यांची जाहिरातच तशी असते. मिशेलिन त्यांच्या एक्सएम टू प्लसबद्दल सिलिकाचं आणि ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकचं सांगते. हे वाईट आणि ते चांगले असं मी म्हणत नाही, ज्याची गाडी महिन्यातून चारदा गावात फिरते त्याची गरज वेगळी आणि माझी वेगळी. पण दुकानात गेल्यावर दोन प्रश्न विचारायचे असतात आणि आपण एकच विचारतो, माझी तक्रार आहे ती एवढी.

काही टायरवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेंपरेचर, म्हणजे झीज, पकड आणि उष्णता, असे तीन शब्द इंग्रजीत कोरलेले असतात, अमेरिकेतली पद्धत आहे ती. ट्रेडवेअरपुढं ३०० किंवा ४०० असा आकडा असतो, तो किलोमीटर नाही. १०० आकड्याचा एक ठरलेला टायर धरून त्याच्या तुलनेत हा किती झिजेल याचा तो अंदाज, आणि तो कंपनीच देते, म्हणून एका कंपनीच्या आकड्याची दुसरीशी तुलना फार करू नये. ट्रॅक्शनपुढं एए, ए, बी, सी यातलं काहीतरी असतं, ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारून ते ठरवतात. लोक पहिला आकडा बघतात आणि दुसरं अक्षर सोडून देतात.

माझ्या सातवीच्या मुलांना मी हे सगळं गाडीवरच शिकवलं. टायरवर १६५/८० आर १४ असं लिहिलेलं आहे. १६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे त्या रुंदीच्या ऐंशी टक्के उंची, मुलांनी १३२ मिलिमीटर काढली, मग १४ इंची रिम धरून पूर्ण चाकाचा व्यास जवळपास ६२ सेंटिमीटर आला. परीघ १९५ सेंटिमीटर. एका पोरीनं खडूनं टायरला खूण केली, गाडी ढकलत एक फेरा मोजला, आकडा थोडा कमी आला, कारण वजनानं टायर दबतो. मग त्यांनीच हिशोब केला, एका किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे, चाळीस हजार किलोमीटरला दोन कोटी फेरे, आणि एवढ्या फेऱ्यांत झिजायचं किती, तर नवीन टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर असते आणि १.६ वर टायर संपतो, म्हणजे साडेसहा मिलिमीटरसुद्धा नाही. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की ती १.६ ची खूण. मी मात्र पावसाळ्यात ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ देणार नाही, कारण पाणी बाहेर फेकायला खाच राहिली नाही की टायर पाण्यावर तरंगतो.

पुढं आपल्या हवामानाचं. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस तापमान असतं, रस्त्याचं तर विचारूच नका. आमच्या स्टाफमध्ये सगळे सांगतात, उन्हाळ्यात हवा कमी ठेवा नाहीतर टायर फुटेल. हे बरोबर उलटं आहे! हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते, त्यातूनच उष्णता तयार होते आणि टायर आतून सुटतो. ड्रायव्हरच्या दाराजवळ पट्टी चिकटवलेली असते, त्यावर पुढच्या-मागच्या चाकाची हवा आणि किती माणसं बसल्यावर किती हे लिहिलेलं असतं, सकाळी निघायच्या आधी टायर गार असताना तेवढी भरायची. टायरवर लिहिलेला आकडा हा जास्तीत जास्त किती याचा असतो, तो बघून हवा भरू नका. नायट्रोजन भरा म्हणून आग्रह होतो, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे हे मुलांना पाचवी-सहावीतच शिकवतो आम्ही. भरला तर तोटा नाही, पण तो भरला म्हणून दोन-दोन महिने हवा तपासायचीच नाही हे चुकीचं.

समृद्धी महामार्गावर तर हे फार महत्त्वाचं आहे, ७०१ किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता, कारला १२० ची मर्यादा, जालन्याला चढलं की नागपूरपर्यंत वेग कमी करायचं निमित्तच मिळत नाही. भाचीच्या लग्नाला गेलो तेव्हा पाच माणसं आणि डिकीत आहेराचं सामान होतं. माझ्या टायरवर आकाराच्या पुढं ८५टी असं आहे, ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलोपर्यंत भार आणि टी म्हणजे ताशी १९० पर्यंत वेग, पण हे सगळं हवा बरोबर असेल तर. दुकानदार आकार तोच पण भाराचा आकडा कमी असलेला टायर द्यायला लागला तर घेऊ नका.

आता मी काय केलं ते. जूनमध्ये पगारातून दोनच टायर जमले. दुकानातला माणूस पुढं बसवायला लागला, सगळे पुढंच बसवतात, कारण इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं. मी मागं बसवायला लावले. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर स्टेअरिंगला कळतं आणि ॲक्सिलरेटर सोडला की बऱ्याचदा गाडी सावरते, पण मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि आपल्यासारख्या रोजच्या ड्रायव्हरला ती सावरत नाही. जुने दोन पुढं ठेवून तो सगळा पावसाळा चाळीसच्या वर गेले नाही, उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, तेव्हा उरलेले दोन घेतले. अलाइनमेंट, म्हणजे चारही चाकं सरळ रेषेत आहेत का ते तपासून नीट करणं, करून घेतली, आणि दर महिन्याला टायरवरून हात फिरवून बघते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी पडली, मधला पट्टा झिजला तर जास्त झाली, एकच कड झिजली तर अलाइनमेंट गेली. टायर जास्त चालवायचा असेल तर तो ह्याच्यानं चालतो, कडक रबर घेऊन नाही.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे आणि ती आपल्या पेपरमधून सरकारपर्यंत जावी. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं टायरसाठी एआयएस १४२ हा नियम आणला, त्यात ओल्या रस्त्यावरची पकड किमान किती पाहिजे हे ठरवून दिलं, चांगलंच केलं. पण दुकानात उभं राहिलेल्या माणसाला ह्या टायरची पकड त्या टायरपेक्षा जास्त का कमी हे बहुतेक टायरवर सोपं करून लिहिलेलं दिसत नाही. युरोपात प्रत्येक टायरला कागद चिकटवलेला असतो, त्यावर ओल्या रस्त्याची पकड ए ते ई अशी लिहिलेली असते. फ्रिजवर तारे बघून फ्रिज घेतो आपण, मग टायरच्या पकडीसाठी असं काही का नको? वाळूजला टायर बनतात, आपल्या घराजवळ, कंपन्यांना हे अवघड नाही.

आणि दुसरं, टायरच्या बिलावर तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते लिहिणं सक्तीचं करा. सप्टेंबरनंतर मी दोन टायर घेतले तेव्हा बिलावर लिहून द्या म्हणून अडून बसले. दुकानदार म्हणला असं कोणी मागत नाही ताई, कॉम्प्युटरवर तो रकानाच नाही. मी म्हणलं पेनानं लिहा. त्यानं टायर फिरवून आकडा शोधला आणि बिलाच्या कोपऱ्यात लिहिलं, ३१२५, दोन्ही टायर, खाली सही आणि शिक्का. एक मिनिट लागलं.

आपली,
अपडाऊन करणारी एक शिक्षिका, अंबाजोगाई