सिस्टर, शेकानंतरचं तुम्ही सांगितलंत

सिस्टर, नमस्कार.

मागच्या तपासणीला आले तेव्हा कळलं, तुम्ही रिटायर झालात. नव्या सिस्टरनी तुमचा नंबर दिला नाही, आणि ते बरोबरच आहे. पेशंटना नंबर वाटत बसले तर तुम्ही रिटायर होऊन उपयोग काय! म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते. तुमचं नाव घालत नाही. रेडिएशनच्या ओपीडीत बसलेल्या बायकांना चार ओळींत कळेल कुणाबद्दल लिहिलंय ते, आणि त्यांच्याकडून तुमच्या कानावर जाईलच. कोल्हापूर एवढं काही मोठं नाही.

मी मंगळवार पेठेतली ब्लाऊज शिवणारी. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, बाहेरून रोजचे शेक म्हणजे रेडिएशन, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची बाटली आणि शेवटी आतला शेक, म्हणजे आत नळी घालून दिलेलं रेडिएशन. आजार गेला त्याबद्दल डॉक्टरांचे आभार पेढे देऊन मानून झालेत. तुमचे राहिलेत ते त्यानंतरच्या वर्षांसाठी. शेक संपून घरी सोडलं तेव्हा कागदावर एवढंच लिहिलं होतं की सहा आठवड्यांनी दाखवायला येणे. आतला शेक पुढं वर्षानुवर्षं अंगात काय काय करत राहतो, त्यातलं कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं. ते तुम्ही सांगितलंत.

आतल्या शेकाची निम्मी भीती तर बाहेरच्या बाकावरच तयार होते. गडहिंग्लजच्या एक मावशी होत्या, आठवत असतील तुम्हाला. त्यांच्या जावेला अडीच महिन्यांपूर्वी त्याच मशीनवर आमच्यापेक्षा निम्माच वेळ लागला होता. त्यावरून मावशींनी ठरवून टाकलं की आमचा आजार दुप्पट आहे, आणि अख्खा बाक रडायला लागला. तुम्ही बाहेर आलात आणि उभ्या उभ्याच सांगितलंत. मशीनमध्ये इरिडियमचा तुकडा असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. 74 दिवसांत त्याची ताकद निम्मी होते. तो जुना होईल तसा तेवढाच डोस द्यायला जास्त वेळ लागतो, नवा बसवला की वेळ परत कमी होतो. आजाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. तारेच्या टोकाला लागून तो आत जातो, काम करतो आणि परत मशीनमध्ये येतो, अंगात काही राहत नाही. हे शेवटचं तुम्ही माझ्या सासूबाईंनाही ऐकवलंत, म्हणून त्या दिवाळीत नणंदेचं पोरगं माझ्या मांडीवर बसलं.

पहिल्या तपासणीला तुम्ही मला पडद्यामागं नेलंत आणि कपाटातून एक कापडी पिशवी काढलीत. आत गोल टोकाच्या प्लॅस्टिकच्या दांड्या, लहानापासून मोठ्यापर्यंत मापानं लावलेल्या. डायलेटर. आवाज न उतरवता सांगितलंत की शेकानं योनीमार्ग आतून कोरडा पडतो, भिंती एकमेकींना चिकटतात, मार्ग आखडत जातो, आणि एकदा पक्कं चिकटलं की ते सोडवणं फार अवघड. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा जेली लावून, गुडघे मोडून पडायचं, लहान मापापासून सुरुवात करायची, जाईल तेवढंच जाऊ द्यायचं, जोर करायचा नाही. पाच-दहा मिनिटं ठेवायचं, साबणानं धुवून वाळवायचं. एखादा लाल डाग दिसला तर चालतं, जास्त गेलं तर थेट यायचं.

मी म्हटलं, सिस्टर, आता आमचं काय राहिलंय, मालक बाहेरच्या खोलीत झोपतात. त्यावर तुम्ही म्हणालात, "संसाराचं नंतर बघू. उद्या डॉक्टरांना आतून तपासायचं झालं आणि मार्गच मिटलेला असला, तर आजार परत आलाय का नाही हे बघायचं कुठून?"

तेवढ्यावर मी ती पिशवी घरी नेली. दुकानात अस्तराच्या तागांखाली ठेवायची आणि दुपारी सासूबाई भजनाला गेल्या की दोन खोल्यांच्या घरात कडी लावायची. हे सगळं सोपं गेलं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. सुरुवातीला दुखायचंही आणि रागही यायचा. कोरडेपणासाठी नंतर डॉक्टरांनी आत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं, त्यानं फरक पडला.

आणि मालकांना तुम्ही पार्किंगमधून वर बोलावून घेतलंत ते! त्यांच्या डोक्यात होतं की जवळ गेलं तर मला इजा होईल, नाहीतर आजार त्यांना तरी लागेल. माझ्या डोक्यात होतं की त्यांना आता मी नकोशी झालेय. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हतो. कॅन्सर असा जवळ आल्यानं लागत नाही, कोरडेपणा शेकामुळं आहे, मनातून तुटल्यामुळं नाही, जेली वापरा, घाई करू नका, असं तुम्ही औषधाच्या गोळ्या समजावून सांगाव्यात तसं सांगितलंत. मालक कानापर्यंत लाल. पुढचं घरातलं घरात. पण पिशवी आता अस्तराखाली ठेवत नाही.

आता मुख्य गोष्ट. शेक संपून दीडेक वर्ष झालं असेल, संडासला लालभडक रक्त जायला लागलं. दुखत काहीच नव्हतं. घरचे म्हणाले मूळव्याध, आणि मी मनात धरलं की तोच परत आला. जवळच्या एका डॉक्टरांनी दुर्बिणीनं बघायचं ठरवलं. बघितल्यावर म्हणाले, आतड्याच्या पुढच्या भिंतीवर लाल चट्टे आहेत, तुकडा काढून तपासायला पाठवू. मी बाहेर येऊन तुमच्या विभागात फोन लावला आणि नशिबानं तुम्हीच उचललात. तुम्ही म्हणालात, "आत जाऊन सांगा, पिशवीला आतला शेक झालाय. आमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्या भिंतीचा तुकडा काढू नका."

कारण तुम्ही नंतर समजावलंत, आणि ते मी आता प्रत्येकीला सांगते. गर्भपिशवीच्या पुढं लघवीची पिशवी, मागं संडासचं आतडं, मध्ये अंतर जेमतेम. म्हणून तर शेक देताना गॉज भरून दोन्हीकडचं मागं ढकलतात. तरी थोडा डोस तिकडं जातोच. महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आतून बंद होत जातात आणि त्यांच्या जागी नाजूक नव्या येतात, त्या नुसत्या घासण्यानंही फुटतात. अशा ठिकाणी रक्तपुरवठा कमी, जखम भरत नाही. तुकडा काढायला गेलं तर भोक पडून संडासची वाट योनीत उघडण्याचा धोका असतो. तुकडा कधीच काढायचा नाही असं नाही, पण ते शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारून.

त्या डॉक्टरांचंही कौतुक करायला पाहिजे. पेशंटनं आणलेला निरोप ऐकून कमीपणा मानला नाही, लगेच फोन लावला. निदान झालं ते शेकामुळं आलेल्या सुजेचं. आधी सुक्राल्फेटचा एनिमा, म्हणजे संडासच्या वाटेनं आत सोडायचं औषध, तेवढ्यानं थांबेना म्हणून दुर्बिणीतून आर्गॉन गॅसनं चट्टे जाळले, बरोबर लोहाच्या गोळ्या. रक्त थांबलं. तेव्हापासून फाईलच्या पुठ्ठ्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'गर्भाशयमुखाला आतला शेक झालेला आहे' आणि खाली साल. दाताच्या डॉक्टरकडंही तीच फाईल नेते. ते हसतात, हसू देत.

लघवीचंही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. त्यातून रक्त दहा वर्षांनीसुद्धा येऊ शकतं, तेव्हा पाच वर्षं झाली, सुटलो, असं म्हणून फाईल माळ्यावर टाकायची नाही. मला अजून रक्त नाही, पण घाई फार होते. लागली की लागली. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे आधी सोय कुठं आहे ते बघून मगच रांग धरायची. देवळाभोवती बायकांसाठी अशा सोयी वाढवल्या तर शेक झालेल्यांचीच नाही, म्हाताऱ्या बायकांचीही दुवा मिळेल. पोट कधी कधी अजून बिघडतं. तांबडा रस्सा वाटीभर, त्यावर गेले की दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला उशीर. पांढरा सोसतो. कोल्हापुरात राहून याहून मोठी शिक्षा नाही, पण चाललंय.

पाळी शेकातच बंद झाली, तेव्हा चाळिशी नुकतीच ओलांडली होती. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या अंगातून वाफा निघायच्या, ब्लाऊज भिजायचं. वेळेआधी पाळी गेली की हाडं विरळ होतात, त्यात कमरेच्या हाडांना शेक बसलेला, म्हणून हाडांची तपासणी करून घ्या, असं तुम्ही बजावलंत. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तेव्हापासून चालू आहे. हार्मोनच्या गोळ्यांना कॅन्सरवाल्यांनी हातच लावायचा नाही, असं मी धरून बसले होते. माझ्या कॅन्सरचा प्रकार स्क्वॅमस, म्हणजे वरच्या पातळ थरातला, तो हार्मोनवर वाढणारा नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून तरी बघा, हेही तुमचंच.

आता एक काम आहे. त्या दिवशी ओपीडीत कागलची एक मुलगी होती, तिशीतली, नुकतेच शेक संपलेले. तिला डायलेटर मिळाला नाही. नव्या सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, कपाटातला साठा संपलाय आणि पूर्वीच्या सिस्टर डायलेटर कुठून मागवायच्या ते रजिस्टरला नाही. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. तुम्ही ते कुठून घेत होता, कुणाच्या पैशानं, एवढं सांगा. कापडी पिशव्या मी शिवून देते, दुकानात तुकडे पडलेलेच असतात. विभागाचा फोन तोच आहे, सकाळी दहानंतर उचलतात. त्या मुलीची पुढची तारीख सोमवारची आहे, त्याआधी कळवलंत तर बरं होईल.

तुमची,
मंगळवार पेठेतली ब्लाऊजवाली